शर्टाखालचा ब्लाऊज

मी भांडखोर बाई हाय, हे पयलेच सांगून टाकते. मांगून कोनी म्हनू नोका का संध्यानं आपली बाजू गोड करून सांगतली. चांदूर रेल्वेच्या आमच्या वस्तीत नळावरचं भांडन असो का रेशनच्या दुकानावरचं, लोक मलेच पुढं करतेत. माहं तोंड चालते म्हून कापूस वेचनीच्या टोळीची मुकादम बी मीच. अकरा बाया हायत. कोनाच्या वावरात कधी जायचं, किलोले काय भाव घ्यायचा, वजनाच्या काट्यावर कोन मारून राह्यलं, हे सगळं माह्याकडे. अन् याच तोंडानं मी माह्या सासूचं जे केलं, ते आता सांगते.

सासूले मी आत्या म्हनते. सुंदराबाई तिचं नाव. अडुसष्ट वर्साची हाय, पन कापसाच्या पऱ्हाटीच्या तासात, दोन ओळीच्या मधात, उतरली का जवान पोरीले मांगं टाकते. माहे सासरे म्हंजे बुधाजी टेलर. बसस्टँडच्या मांगं त्यायची टपरी होती, एक मशीन अन् एक बाकडं. बेचाळीस वर्सं त्यायनं आख्ख्या वस्तीच्या बायायचे ब्लाऊज शिवले. शिलाई उसवली म्हून कोनी बाई परत आली नाई. ते गेले त्याले सहा वर्सं झाली. मांगं वावर नाई ठेवलं, प्लॉट नाई ठेवला, नाव तेवढं ठेवलं. आत्या ते नाव सांभाळून राहते. विहारात जायचं असलं का तिच्या पांढऱ्या लुगड्यावरचा ब्लाऊज पाहून बाया आजबी म्हनतेत, हा बुधाजीच्या हातचा दिसते.

वेचनीले जाताना आमी लुगड्यावर मानसाचा जुना शर्ट घालतो. रस्त्यानं जाताना तुमी पाह्यलंच असन. बोंडाची सुकलेली टोकं हात ओरबाडतेत, ऊन चटके देते, म्हून फुल बाहीचा शर्ट, त्याच्यावर कापूस भरायले कमरेले ओटी, डोक्स्यावर दुपट्टा. अन् शर्टाखाली सगळ्यात फाटका ब्लाऊज. चांगला कोन घालते घामात सडवायले? बगलेत उसवलेला, खांद्यावर विरलेला, पिना लावलेला असा एक ब्लाऊज परतेक बाईच्या घरी वेचनीसाठी येगळा ठेवलेला असते. शर्ट झाकते, कोनाले दिसत नाई. आत्याचा शर्ट सासऱ्याचा होता. निळा, पांढऱ्या रेघाचा. बाहीच्या तोंडाशी त्यायनंच तिच्यासाठी इलास्टिक लावून देल्लं होतं. खिशावर पेनच्या शाईचा डाग होता, तो कितीबी धुतला तरी जात नव्हता, अन् आत्याले तो जायले बी नको होता.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असन. चंद्रभान पाटलाच्या वावरात आमचा दुसरा वेचा चालू होता. नऊच्या सुमारास दोन गाड्या धुऱ्यावर, वावराच्या बांधापाशी, येऊन थांबल्या. पयल्या गाडीतून पाटलाची पोरगी आकांक्षा उतरली. ती पुन्यात नोकरी करते. तिच्यामांगं सात जन उतरले, सगळ्यायच्या गळ्यात कॅमेरे. त्यायचा गुरू म्हंजे अनुप. मूळचा अकोल्याचा, पन पंधरा वर्सं पुन्यात राहून बोलनं निरा गुळगुळीत झालेलं. बाकीचे सहा जन त्याले पैसे देऊन फोटो काढायले शिकायले आलते. सेमाडोहले जंगल पाह्यलं, वरूडले संत्र्याचे बगीचे पाह्यले, अन् आता आमी.

इचारलं नाई, पुसलं नाई, तासात घुसले अन् खटाखट सुरू. एक जन पऱ्हाटीच्या फांद्या मोडत मांगं मांगं सरकून राह्यला होता. मी ओटी सोडली अन् धुऱ्यावर गेली. आकांक्षाले म्हनलं, हे काय होय? ती हासली अन् म्हनली, संध्याताई, पाहुणे आहेत, थोडे फोटो काढतील, तुम्ही तुमचं काम करत राहा. मी म्हनलं, काम करत राहा कसं? मानूस डोयापुढे कॅमेरा धरून बसला तं बाईचा हात थांबते. अर्धा तास हात थांबला तं तीन किलो कापूस गेला, अन् सांजीले तुह्या बापाचा काटा मले पाहुन्याच्या नावानं काई जास्त देत नाई.

मंग अनुप पुढं आला. लय नरम बोले. त्याचं म्हननं असं का तो फोटोचे पैसे कोनालेच देत नाई, हे त्याचं तत्त्व हाय. पैसे देल्ले का मानूस बिघडते. कोन्या एका गावात म्हने पोट्टे गाड्यायमांगं पैसे मांगत पळतेत, बुडे मुद्दाम फाटके कपडे घालून रस्त्यावर बसतेत. फोटो हे नातं असते, नात्यात पैसा आला का सगळं खोटं होते. त्याचे सहा चेले माना हालवून राह्यले होते.

मी त्याले म्हनलं, गाडीवाल्याले देल्ले का पैसे? म्हने देल्ले. पाटलाच्या घरी चुलीवरचं जेवन हाय आज, त्याचे देल्ले? आकांक्षा मधातच म्हनली, ते पॅकेजमध्ये आहे. मी अनुपलेच इचारलं, अन् हे सहा जन तुह्या संगं फुकट आले का? त्यानं चेल्यायकडे पाह्यलं. मंग मी म्हनलं, म्हंजे सगळ्यायचं नातं पैशाचं, अन् जिचं तोंड हाय तिचंच तेवढं फुकटचं? मांगून माह्या बाया खी खी करून हासल्या. अनुप लाल झाला. घटकाभर त्यायचं आपसात इंग्रजीत झालं, अन् मंग त्यानं पाकीट काढलं. बाईमांगं शंभर रुपये, अकरा बाया, रोख. आत्याले बी शंभर, मले बी शंभर. त्या येळेले मले वाटलं का मी जिंकली. अजून सांगते, पैसे मांगनं चूक नव्हतं. चूक मंग झाली.

पैसे देल्ल्यावर मानूस बदलते म्हनत होता ना तो? खरंच बदलला, पन आमच्यातला कोनी नाई, तोच बदलला. आतापरेंत ताई, प्लीज, चालेल का, असं होतं. पाकीट खिशात गेलं अन् बोलनं बदललं. इकडे पाहा. हसू नका. चपला काढा. तो मोबाइल लपवा. ते प्लास्टिकचं घड्याळ काढा. पायी चपला नसल्या तं पायात काटे जातेत, हे त्याले सांगून फायदा नव्हता. शंभर रुपये घेतले होते नं आमी, मंग बोलायले तोंड कुठी होतं? चपला काढल्या बायायनं. मी बी काढल्या.

अन् मंग त्याची नजर आत्यावर गेली. आत्याचा चेहरा मोठा हाय, कपाळ रुंद, हनुवटीवर गोंदलेलं हाय. तिच्याभोवती दोन चकरा मारून तो आकांक्षाले म्हनला का हाच चेहरा पायजे होता, पन हा शर्ट सगळी मजा घालवतो. शर्टामुळं आजी आजीसारखी दिसत नाही, हा शर्ट काढायला सांगा. जसा काई तो शर्ट भिंतीवरचं कॅलेंडर होय.

आत्या नाई म्हनली. साधं, मान हालवून. तो म्हनला, दोनशे देतो. आत्या नाई म्हनली. तो म्हनला, पाचशे. पाचशे म्हंजे आत्याच्या दिवसभराच्या वेचनीएवढे. आत्यानं माह्याकडे पाह्यलं, माह्याजवळ सरकली, अन् मलेच आयकू येईन इतकं हळू म्हनली, "आत फाटका हाय वं."

मले माहीत होतं. माह्याच्यानं खोटं बोलवत नाई, मले चांगलं माहीत होतं. बगलेतून खांद्यापर्यंत उसवला होता तो ब्लाऊज, दोन पिनायवर टिकला होता. पन माह्या डोक्स्यात हवा होती. आत्ताच त्या मानसाले सगळ्यायपुढं पैसे द्यायले लावले होते, आता माहीच सासू पाचशेले नाई म्हनून राह्यली तं मले कमीपना वाटला. ऊन बी तापलं होतं. मी मोठ्यानं म्हनलं, सगळ्यायले आयकू जाईन असं,

"काढा नं आत्या, या वयात कोन पाह्यते तुमाले?"

बाया हासल्या. मी बी हासली. आत्यानं एक येळ माह्याकडे पाह्यलं. मंग ओटी सोडली, एकेक गुंडी काढली, शर्ट उतरवला, वावरातच त्याची नीट घडी केली अन् माह्या हातात देल्ली.

अर्धा तास तिले वेचायले लावलं त्यानं. बिनशर्टाचं. बोंडायनं तिचे दोनी हात कोपरापर्यंत ओरबाडले, बारीक बारीक लाल रेघा उमटल्या. दहा मिन्टायनं ती थांबली तं तो म्हनला, अजून थोडं आजी, आता खरं दिसायला लागलंय. खरं म्हने! तिच्या आंगावर ओरबाडे येऊ नये म्हूनच तं शर्ट होता. खरा तं तो शर्टच होता. ते तोंडावर यायले मले तीन मयने लागले. त्या दिवशी मी घडी हातात धरून उभी होती अन् पाचशेची वाट पाहून राह्यली होती.

जाताना त्यानं एक कागद काढला. इंग्रजीत होता. आकांक्षानं सांगतलं का फोटो वापरायला परवानगी, बाकी काही नाही. आत्याले सही येते, सासऱ्यानं शिकवली होती, सुंदराबाई बुधाजी असं पूर्न लिहिते. तिनं सही केली अन् नोट घेतली. घरी आल्यावर ती नोट तिनं सासऱ्याच्या गुंड्याच्या डब्ब्यात टाकली. टीनाचा डब्बा हाय, मशीनच्या खनात असते. शंभराचं तेल-मीठ आनलं, पन पाचशेले हात नाई लावला. अन् माह्याशी बोलनं बंद. भाकर वाढली तं जेवे, पन माह्या हातचं पानी घे नाई. माहा नवरा ललित मले इचारे का काय झालं तुमचं? मी म्हने, तुह्या मायलेच इच्यार. तिले इचारलं तं म्हने, काई नाई.

फेब्रुवारीत माही पोरगी पायल हिचा फोन आला. ती अमरावतीले कॉलेजात शिकते, होस्टेलवर राहते. मम्मी, तुझ्या फोनवर एक फोटो टाकला हाय, आजीले दाखवू नको, म्हनली. मी पाह्यला. एका प्रदर्शनाचं पोस्टर होतं. मोठा फोटो आत्याचा. हात ओरबाडलेले, खांद्यापासून ब्लाऊज उसवलेला, पिन ऊन लागून चमकून राह्यली, बगल दिसून राह्यली. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "फाटकं आयुष्य". अकोल्यात चार दिवस लागलं होतं ते प्रदर्शन, आता अमरावतीत आठ दिवस होतं.

दाखवू नको म्हनून काय होते? संध्याकाळपरेंत वस्तीच्या ग्रुपवर आलं. अकोल्याहून सासऱ्याच्या भाचीचा फोन आला का मामीचं काई अडलं हाय का, ललितदादा मायले कपडे घेत नाई का? ललितनं फोन ठेवला अन् मले जे बोलला ते इथं सांगन्यासारखं नाई. पन खरा घाव दुसऱ्या दिवशी नळावर बसला. आत्या पान्याचं गुंड, म्हंजे कळशी, घेऊन उभी होती. तिच्यामांगच्या दोघी बाया, ती आयकून राह्यली हे माहीत असून, बोलल्या. टेलरची बायको अन् ब्लाऊजले पिना. काय शिवलं असन त्या बुड्यानं जनमभर लोकायचं, घरच्याच बाईले धड शिवून देल्लं नाई.

मी असती तं गुंड घातलं असतं डोक्स्यात. आत्यानं नाई घातलं. तिनं पानी भरलं, घरी आली, गुंड उतरवलं अन् माह्यापुढं उभी राह्यली. तीन मयन्यायनंतर पयल्यांदा माह्याशी बोलली.

"त्यायचं नाव गेलं," ती म्हनली. "तो फोटो तू चढवला. तू उतरव."

मी त्याच दिवशी आकांक्षाकडून नंबर घेऊन अनुपले फोन लावला. पयले नीट बोलली. भाऊ, तो एक फोटो काढून टाक, बाकीचे राहू दे. तो म्हनला का तोच तर प्रदर्शनाचा मुख्य फोटो आहे, लोक त्याच्यापुढं उभे राहून रडतात. मी म्हनलं, लोक रडतेत अन् जिचा फोटो तिची छी थू होऊन राह्यली, तुमचं प्रदर्शन तिच्या काईच कामाचं नाई. तो म्हनला, ताई, तुम्हीच पैसे मागितले होते, मी दिले. माझं तत्त्व मोडून दिले. सहीचा कागद आहे. मंग आवाज गोड करून म्हनला का रविवारी समारोप आहे, आजींना घेऊन या, आम्ही शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू, गाडीभाडं देऊ, वरून हजार रुपये मानधन देऊ. मी म्हनलं, तुहे हजार तुह्या नरड्यात घाल. फोन आदळला. पन फोन आदळून फोटो थोडाच उतरते. तो मानूस परतेक गोष्टीत बरोबर होता, हेच माहं डोक्सं फिरवून राह्यलं होतं. पैसे मांगतले मी. भाव ठरला माह्यासमोर. सही झाली माह्यासमोर.

आत्याले सांगतलं. म्हनलं, आयकत नाई तो, रविवारी या म्हनते, शाल देते म्हने. मले वाटलं, ती भिंतीकडे तोंड करन. ती म्हनली, जाऊ.

रविवारी तिनं पांढरं लुगडं नेसलं. ब्लाऊज सासऱ्यानं शिवलेला शेवटचा, काठावर बारीक टाचन, एक धागा इकडचा तिकडे नाई. अन् त्याच्यावर घातला तो निळा शर्ट. गळ्यापर्यंत सगळ्या गुंड्या लावल्या. ललित म्हनला, माय, शयरात असा शर्ट घालून जाशीन का?  तिनं डब्ब्यातून पाचशेची नोट काढली अन् शर्टाच्या खिशात ठेवली, शाईच्या डागाच्या मांगं. दोघी बसनं अमरावतीले गेलो. रस्त्याभर ती खिडकीबाहेर पाहून राह्यली होती अन् मी तिच्याकडे.

हॉल मोठा होता, एसीचा. दारात फुलायची रांगोळी. शे-दीडशे मानूस असन, चांगल्या कपड्यातले, पायल बी आली होती. आत्याचा फोटो समोरच्या भिंतीवर, बाईच्या उंचीचा, त्याच्यावर दोन दिवे सोडलेले. आत्यानं पाह्यला.  आकांक्षा पळत आली, पाया पडली, अन् शर्ट पाहून जरासक थबकली. मंग हळू म्हनली, आजी, आज स्टेजवर जायचंय, हा शर्ट काढून ठेवू या का? फोटोत बरं दिसणार नाही. मी तोंड उघडलं. आत्यानं हात वर करून मले थांबवलं.

अनुप माइकवर बोलून राह्यला होता. बोलनं चांगलं होतं, तेच तं वाईट. म्हने, बाहेरचा फोटोग्राफर गावात येतो, चेहरे घेऊन जातो अन् काही देत नाही, ही चोरी आहे. म्हने, माझंही मत आधी वेगळं होतं, पण वऱ्हाडातल्या एका शेतमजूर ताईनं मला भर वावरात सुनावलं अन् माझे डोळे उघडले. तेव्हापासून मी प्रत्येक चेहऱ्याचा मोबदला देतो. लोकायनं टाळ्या वाजवल्या. ती ताई म्हंजे मी. मले वाटलं, जमीन फाटावी अन् मी आत जावी. माहंच भांडन त्यानं गळ्यात मेडलसारखं घातलं होतं.

मंग त्यानं आत्याचं नाव पुकारलं. शाल घेऊन दोघं जन उभे राह्यले. आत्या स्टेजवर गेली नाई. ती सरळ त्या फोटोपाशी गेली अन् त्याच्याखाली उभी राह्यली, शर्टवाली आत्या खाली अन् बिनशर्टाची वर. लोक उठून जवळ आले, मोबाइल वर झाले. अनुपले वाटलं, आजी भावूक झाल्या. तो माइक घेऊन तिच्याजवळ आला, वाकला. आत्यानं खिशातून नोट काढली अन् त्याच्या हातात देल्ली.

"हे पाचशे हायत," ती म्हनली. "तुहेच. शर्ट काढ."

माइकमध्ये गेलं ते. लोक हासले. अनुप बी हासला, आजी गंमत करतात म्हनला, अन् नोट परत द्यायले गेला. आत्यानं हात मांगं घेतले.

"गंमत नाई. शर्ट काढ, आतली बनियान पाहू दे सगळ्यायले. फोटो काढायचा हाय."

आता कोनी हासत नव्हतं. अनुपच्या आंगात कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता होता, त्याच्या गळ्याच्या गुंडीवर त्याचा हात आपोआप गेला अन् तिथंच दाबून बसला, कोनी वढून घेईन म्हून धरते तसा. त्यानं माइक बाजूले केला. "आजी, इथे इतके लोक आहेत."

"तिथं बी होते."

 आकांक्षा आली, आजी चला ना, शाल घ्यायची आहे, म्हनत तिच्या खांद्याले हात लावायले गेली. आत्यानं तिच्याकडे पाह्यलं बी नाई. तिनं मान वळवली अन् लोकायमधून मले हुडकलं.

"संध्ये," ती म्हनली, "सांग याले. मले वावरात काय सांगतलं होतं, ते याले सांग."

दीडशे मानसं माह्याकडे वळली. पायल माह्याकडे पाहून राह्यली होती, तिले माहीत नव्हतं मी काय सांगतलं होतं, तिले कोनी सांगतलंच नव्हतं. मी भांडखोर बाई, नळावर, दुकानावर, पाटलाच्या काट्यावर ज्याच्या आंगावर जाते त्याले पुरे पडते.  अन् ते वाक्य मले कोनाच्याच समोर म्हनायचं नव्हतं, माह्या पोरीसमोर तं अजिबातच नाई. पन आत्या थांबली होती. ती त्याच्याकडून शर्ट मांगत नव्हती, हे मले तेव्हा समजलं. ती माह्याकडून ते वाक्य मांगून राह्यली होती.

मी पुढं गेली अन् अनुपसमोर उभी राह्यली.

"काढ नं भाऊ," मी म्हनलं. "कोन पाह्यते तुले?"

त्यानं खाली पाह्यलं, मंग लोकायकडे पाह्यलं, सगळे त्यालेच पाहून राह्यले होते. गुंडीवरचा हात त्यानं काढला. मले वाटलं खरंच उघडते का काय. पन तो वळला, दोनी हात वर केले, फोटोची तार खिळ्यावरून सोडली अन् तो एवढा मोठा फोटो खाली उतरवला. भिंतीले टेकवून ठेवला, तोंड भिंतीकडे करून. कोनी टाळी वाजवली नाई. आत्यानं नोट त्याच्याजवळच राहू देल्ली. शाल तिथंच खुर्चीवर राह्यली.

बसमध्ये पायल बी संगं आली, दोन दिवस घरी राहते म्हने. ती आत्याजवळ बसली, मी मांगच्या सीटवर. रस्त्यात पायलनं एकदा वळून मले इचारलं, मम्मी, तू खरंच असं म्हनली होती आजीले? मी हो म्हनलं. ती पुढं पाहून बसली. त्याच्यावर माह्याजवळ भांडायले काईच नव्हतं.

वस्तीत कोनी काई म्हनते, कोनी काई. ग्रुपवरचा फोटो अजून लोकायच्या मोबाइलात हाय, तो कोन उतरवनार? अन् आत्या माह्याशी बोलत नाई ते नाईच. पन परवा मी घरी आली तं ती सासऱ्याच्या मशीनवर बसली होती. सहा वर्सायनं त्या मशीनले तेल पडलं होतं. पुढ्यात तिचा तो वेचनीचा ब्लाऊज, पिना काढून बाजूले ठेवलेल्या, अन् त्याच्याखाली माहा. माह्या पेटीतून तिनं काढला होता. बगलेत तिच्याहून जास्त उसवलेला. मी माहा कधी कोनाले दाखवला नव्हता, अन् मले कोनी शर्ट काढ म्हनलंच नव्हतं.

तिनं दोनी शिवले. दुहेरी शिलाई, आतून पट्टी लावून. माहा ब्लाऊज दातानं धागा तोडून माह्या आंगावर टाकला.

"घाल," ती म्हनली. "पाह्यनारे लय हायत."

मंग तिनं मशीन झाकली अन् चुलीपाशी जाऊन बसली.